डावखुऱ्या गाठी

सुहासिनीने मोठं पाकीट उघडलं तेव्हा केशरबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं ते दैवशालाने. काळ्या फिल्मवर डोक्याचे गोल गोल काप छापलेले होते, एका ओळीत पाच, अशा चार ओळी. सासूचं डोकं असं चिरून मांडलेलं बघून तिने नजर काढून घेतली. चहाचं निमित्त करून ती उठणार होती, तर नणंदेने हातानेच तिला खाली बसवलं.

"बस दैवशाला. तुलाही ऐकायला पाहिजे."

रविवार होता. सुहासिनी सकाळच्या पहिल्या जीपने बदनापूरहून निघून राजूरमार्गे आली होती. आईच्या डोक्याची तपासणी तिनेच मागच्या आठवड्यात करून घेतली होती, त्याचे रिपोर्ट ती घेऊन आली होती. संशोधन केंद्राच्या ऑफिसातली नोकरी, त्यामुळे तिचं बोलणं आधीपासूनच नेमकं. आज तर ती एकेक शब्द जपून टाकत होती. दैवशालाचा नवरा रामकिसन खांबाला टेकून उभा होता. शुक्रवारी संध्याकाळी त्यानेच बहिणीला फोन केला होता, की आता माझ्याच्यानं होत न्हाई, तू ये.

"डॉक्टर म्हणाले, हा पुरता स्मृतिभ्रंश नाही," सुहासिनी म्हणाली. "आणि नुसतं म्हातारपणाचं विसरणंही नाही. दोन्हीच्या मधलं आहे. माणूस आपलं आपण खातो, हिंडतो, काम करतो, फक्त नवीन गोष्ट डोक्यात टिकत नाही."

"मंग गोळ्या देतील की," रामकिसन म्हणाला.

"याच्यावर खास गोळी नाही म्हणाले. बीपी सांभाळायचं, झोप नीट पाहिजे, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं." तिने दुसरी फिल्म काढली. हिच्यावर कापांमध्ये लाल-निळे ठिपके होते. "ही त्यांची दुसरी तपासणी. माय अर्धा तास नुसती पडून होती मशीनमध्ये. माणूस निवांत पडला तरी डोक्यातले भाग एकमेकांशी बोलत असतात, ते यात दिसतं. मायच्या डोक्यातल्या आठवणीच्या भागाचं बाकीच्यांशी बोलणं कमी झालंय. कपाळामागचा भाग मात्र दुपटीने राबतोय. ज्याचं काम नाही तोच ते काम ओढून नेतोय. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही."

"तो कुठवर ओढंल?"

हे दैवशाला बोलली, आणि बोलल्यावर तिलाच दचकायला झालं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"ते सांगता येत नाही," सुहासिनी म्हणाली. "काहींचं वर्षानुवर्षं असंच राहतं. काहींचं सुधारतंसुद्धा. आणि काहींचं..." ती आईकडे बघून थांबली.

"बोल की," केशरबाई म्हणाल्या. "माझंच डोकं हाय. माझ्यापासून काय लपवून राह्यली?"

"काहींचं पुढं वाढत जातं, माय."

केशरबाईंनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या आणि नवी गड्डी फोडली. डाव्या हाताच्या अंगठ्याने. त्यांचं सगळं डाव्या हाताने चालायचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूने हात बांधून ठेवून पाहिला होता, तरी सवय गेली नाही. पुढे त्यांच्या नवऱ्याने, अण्णासाहेबांनी, गावातलं पहिलं जाळीचं शेडनेट उभारलं, कंपनीसाठी मिरचीचं संकरित बियाणं करायला घेतलं, आणि त्याच डाव्या हाताने केशरबाईंनी अर्ध्या गावातल्या बायांना क्रॉसिंग शिकवलं. दुपारी मादीच्या ओळीतली कळी चिमट्याने सोलायची, म्हणजे तिच्यातले नराचे तुरे काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचा पराग बोटाने तिला लावायचा, आणि देठाला लोकरीच्या दोऱ्याची गाठ मारायची. गाठ म्हणजे कंपनीला दिलेली जबान, असं त्या म्हणायच्या. पाहिल्याबिगर गाठ मारायची न्हाई.

शुक्रवारी कंपनीचा सुपरवायझर अबुबकर आला. त्याने भिंग लावून ओळी तपासल्या, आणि चार ओळींमध्ये न सोललेल्याच फुलांना पिवळा दोरा बांधलेला सापडला. म्हणजे ते बी भेसळीचं. माणूस भला आहे, आवाज चढवला नाही. "भाभी, ये चार लाइनें पूरी निकालनी पडेंगी," एवढंच म्हणाला. आणखी एकदा असं झालं तर पुढच्या हंगामाला प्लॉट मिळणार नाही, हेही त्याने जाता जाता सांगितलं.

मग सगळ्यांनी केशरबाईंकडे पाहिलं. प्लॉटवरच्या ओळी दोघी सासू-सुना वाटून घ्यायच्या, पण कुठली ओळ कोणाची हे विचारायची गरजच कोणाला वाटली नाही. गेल्या महिन्यात त्यांनी दोनदा दूध उतू घातलं होतं, जाफराबादच्या बाजारात पिशवी विसरल्या होत्या, आणि एकदा अण्णासाहेबांचं ताट वाढून ठेवलं होतं. त्यांना जाऊन आता पाच वर्षं झालीत.

आता खरं काय ते सांगून टाकतो. त्या चार ओळींमधल्या गाठी केशरबाईंच्या नव्हत्या. दैवशालाच्या होत्या. हे तिला शुक्रवारीच कळलं होतं, अबुबकर अजून बूट घालत होता तेव्हाच.

"माझं ठरलंय," सुहासिनी फिल्म पाकिटात सरकवत म्हणाली. "माय आज माझ्याबरोबर येईल. चारची जीप आहे. बदनापूरला दवाखाना जवळ आहे, मी दुपारी घरी चक्कर टाकू शकते. इथं तुम्ही दोघं दिवसभर प्लॉटवर. मिरचीचं राहू दे, उद्या गॅस चालू राहिला तर?"

"मला बी तसंच वाटतं," रामकिसन खाली बघत म्हणाला. आईला घराबाहेर काढायचं बोलणं त्याच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून तर त्याने बहिणीला बोलावलं होतं. या भावाबहिणीचं दहा वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. नेमकं आजच झालं.

"तिथं मी काय करू?" केशरबाईंनी विचारलं.

"काही करायचं नाही. आराम करायचा."

"आराम," केशरबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं कोणी दुसऱ्याचे जोडे पायात घालून बघतं. मग त्या दैवशालाकडे वळल्या. "तू काही बोलंना."

दैवशालाने लसणाच्या साली मुठीत गोळा केल्या. बोलायचं तर सगळं बोलावं लागणार होतं. चार ओळी माझ्यामुळे गेल्या, हे ऐकून नवरा काय म्हणेल, याची तिला भीती होतीच. पण त्या चार ओळींच्या मागे दोन महिने उभे होते, आणि ते बाहेर आल्यावर सासूचं काय होईल, याची भीती त्याहून मोठी होती. ती म्हणाली, "मी काय बोलू, आत्याबाई."

केशरबाईंनी वाटी बाजूला सारली. "मंग एकदा प्लॉटवर जाऊन येते. माझ्या हातानं बिघडलेलं माझ्या डोळ्यानं तरी बघू द्या. दैवा, चल."

शेडनेटच्या आत हवा कोंडलेली होती. चपला बाहेर काढून दोघी आत शिरल्या. बिघडलेल्या ओळी अबुबकरने लाल रिबिनीने बांधून ठेवल्या होत्या, उद्या सकाळी त्या काढून टाकायच्या होत्या. केशरबाई पहिल्या झाडापाशी उकिडव्या बसल्या. चष्मा घरीच राहिला होता, पण या कामाला त्यांना चष्मा लागत नसे. त्यांनी दोन बोटांनी गाठ चाचपली. मग दुसरी. मग पुढच्या झाडाची.

दैवशाला त्यांच्या मागे उभी होती. पळून जावं असं तिला वाटत होतं.

"ह्या माझ्या न्हाईत," केशरबाई म्हणाल्या.

त्यांच्या गाठीचं टोक डावीकडे पडायचं. सगळ्या गावाचं उजवीकडे. एवढी साधी गोष्ट, पण ती रामकिसनला माहीत नव्हती, कारण त्याने आयुष्यात एक गाठ मारली नव्हती. अबुबकर फुलं तपासायचा, गाठी नाही.

केशरबाईंच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की दैवशालाला बघवेना. "दैवा, माझ्या न्हाईत गं ह्या. म्हंजी मी बराबर होते. चारही ओळी बघ. एक बी माझी न्हाई." त्या उठल्या, पुढच्या ओळीत शिरल्या. ती ओळ चांगली होती, रिबीन नसलेली, केशरबाईंची स्वतःची. तिथली गाठ त्यांनी हौसेने चाचपली, आणि त्यांची बोटं थांबली. त्यांनी दुसरं झाड पाहिलं. तिसरं पाहिलं.

"हितं बी तुझ्याच हायेत," त्या हळू म्हणाल्या. "ही तर माझी ओळ. माझ्या गाठी कुठं गेल्या?"

आता लपवण्यात अर्थ उरला नव्हता. दैवशाला मातीतच बसली. "मी सोडून पुन्हा बांधल्या, आत्याबाई."

"कधी?"

"पोळ्यापासून. तुम्ही एक झाड करता, दोन सोडून पुढं जाता. कधी सोललेली कळी तशीच राहती, कधी न सोललेलीला पराग लागतो. तुम्ही घरी गेल्या की मी तुमच्या सगळ्या ओळी पुन्हा बघायचे, मंग माझ्या. मंगळवारी तुमच्या ओळी निस्तरता निस्तरता अंधारून आलं. माझ्या चार ओळी सोलायच्या राहिल्या. बुधवारी सकाळी मला वाटलं, सोलल्यात. पाहिल्याबिगर गाठी मारल्या." ती रडत नव्हती. रडायलासुद्धा भीती वाटत होती. "शुक्रवारी तुमचं नाव निघालं आणि मी गप बसले. माझ्याच्यानं बोलवलं न्हाई."

केशरबाईही तिच्यासमोर मातीत बसल्या. आपण चुकलो नाही हे कळलं, त्याच्या मागोमाग दोन महिने आपण चुकतच होतो हे कळलं. आता यातलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं? त्यांचा डावा हात दोऱ्यावरून फिरत राहिला.

"मला वाटायचं, अजून हात तसाच चालतो," त्या म्हणाल्या. "रोज घरी जाताना मनात म्हणायचे, केशर, डोकं जाऊ दे, हात हाय तुझा." मग त्यांनी दैवशालाकडे पाहिलं. "मला भ्या वाटून राह्यलं, दैवा. तिथं बदनापूरला मला कोण सांगंल की मी चुकले का न्हाई? तिथं काही कामच न्हाई चुकायला."

"मी सांगते त्यांना सगळं."

"तू गप. रामकिसन संतापी हाय. मी सांगते. माझ्या तोंडून बराबर लागंल. सून दोन माणसांचं काम करून राह्यली, असं म्हणते. मंग कोण तुला बोलतंय बघू."

त्यांनी दैवशालाच्या डोक्यावरचा पदर नीट केला. दैवशालाच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि उतरलं म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली. म्हाताऱ्या, आजारी बाईच्या पाठीमागे दडून आपण सुटणार होतो. पण सुटणार होतो, हे खरं. ती चपला घालून सासूच्या मागोमाग घरी आली.

घरी सुहासिनीने पिशवी भरून ठेवली होती. दोन लुगडी, औषधं, जपमाळ, चष्मा. साडेतीन वाजले होते. दैवशालाने चहा टाकला आणि कान बाहेर लावून उभी राहिली. आता बोलतील. आता चहा हातात घेतला की बोलतील. केशरबाई बशीत ओतून चहा प्यायल्या, नंतर बाजेवर पडलेल्या पाकिटाकडे बघत राहिल्या.

"आलीस बघून?" सुहासिनीने विचारलं. "पटलं आता, माय?"

दैवशालाने गाळणं खाली ठेवलं.

"पटलं बाई," केशरबाई म्हणाल्या. "माझ्याच हातचं असंल ते. आता नजर बी ऱ्हायली न्हाई."

गॅसवरचं दुधाचं पातेलं उतरवायचं दैवशाला विसरली. ती दारात आली आणि सासूच्या तोंडाकडे बघू लागली. ही मला वाचवते आहे, की हिला आठवतच नाही? चेहऱ्यावरून काही समजेना. केशरबाई शांत होत्या. मनातून काही पक्कं ठरवलेला माणूसही असाच शांत दिसतो, आणि सगळं पुसलं गेलेलाही. विचारायची सोय नव्हती. सगळ्यांसमोर कसं विचारणार, आणि एकांतात विचारलं तरी त्या जे सांगतील ते खरं कशावरून? इतके दिवस तिला वाटायचं की या आजारात माणूस गोष्टी विसरतो. आज तिला दिसलं, की माणसाने माया केली की तो विसरला, हे ओळखायलासुद्धा हा आजार जागा ठेवत नाही.

आणि तिला आणखी एक दिसलं. ती गप्प राहिली, तर हे कोणालाही कधीच कळणार नव्हतं. जिला माहीत होतं, तिला कदाचित आता माहीतच नव्हतं.

बाहेर जीपने हॉर्न दिला.

"चल माय," सुहासिनीने पिशवी उचलली.

"ताई, थांबा," दैवशाला म्हणाली. "त्या चार ओळी माझ्या हायेत."

तिने सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, एका दमात. पोळा, दोन झाडं सोडणं, मंगळवार, बुधवार. डावीकडची गाठ आणि उजवीकडची गाठ. रामकिसनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"दोन महिने?" तो म्हणाला. "दोन महिने तू मला शेतात, घरात, जेवताना भेटून राह्यली, आणि एक शब्द न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना प्लॉटवर येऊ दिलं असतं?"

उत्तर दिलं ते सुहासिनीने. "अगं, लवकर कळलं असतं तर लवकर दाखवलं असतं. तू मोठं पुण्य केलंस असं समजू नको. तू झाकून ठेवलंस."

"झाकलं," दैवशाला म्हणाली. "मला भीती वाटली. तुम्हाला न्हाई वाटत का भीती, ताई? खरं सांगा, डॉक्टर घेऊन जा म्हणाले का त्यांना इथून?"

सुहासिनीने पिशवीचे बंद पुन्हा आवळले. तिचं नेमकं बोलणं पहिल्यांदाच अडलं. जीपवाल्याने पुन्हा हॉर्न दिला.

"तायडे, काय म्हणाले डॉक्टर?" रामकिसनने विचारलं.

"म्हणाले, शक्यतो ओळखीची जागा सोडू नका. हातातलं सवयीचं काम एकदम तोडू नका, कोणीतरी सोबत असू द्या." ती पिशवी हातात धरूनच खाली बसली. "पण त्यांना काय जातं म्हणायला. रोज ऑफिसात फोन वाजला की मला वाटतं, मायचंच काही झालं. माझ्याजवळ असली तर मला निदान दिसेल तरी."

रामकिसन बाहेर गेला. तो बायकोला तोंड दाखवायला तयार नाही, एवढंच दैवशालाला वाटलं. पण तो जीपवाल्याशी काही बोलला आणि जीप त्यांना न घेताच निघून गेली. परत आल्यावर दैवशालाकडे न बघता तो म्हणाला, "हंगाम संपूस्तोवर माय हितंच ऱ्हाईल. मंग बघू. गाठ कोणी मारायची आणि मागून कोणी बघायचं, ते उघड ठरवा. आणि अबुबकरला मी सांगतो." राग गेला नव्हता. दिवाळी झाली तरी तो जाणार नव्हता, हे तिला त्याच्या पाठीवरून कळत होतं. सुहासिनीने पिशवीतून चष्मा काढला आणि आईच्या हातात दिला. आजची रात्र ती स्वतः इथेच मुक्कामाला थांबणार होती.

ऊन कलल्यावर दोघी पुन्हा शेडनेटमध्ये गेल्या. उद्याच्या कळ्या सोलायच्या होत्या, त्या काही कोणासाठी थांबणार नव्हत्या. दोघी एकाच ओळीच्या दोन बाजूंना बसल्या, समोरासमोर. केशरबाई डाव्या हाताने चिमटा चालवत होत्या, आणि प्रत्येक कळी सोलली की दैवशाला उघडउघड वाकून ती बघत होती. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. सहाव्या कळीत दोन तुरे राहिले होते, ते तिने काढले. केशरबाईंनी पाहिलं आणि मान हलवली.

शेवटी दैवशालाने विचारलं, "आत्याबाई, मघाशी तुम्ही माझ्यासाठी बोलल्या का तसं?"

"मघाशी कधी?" केशरबाई म्हणाल्या.

त्या हसल्या होत्या की नुसतंच विचारत होत्या, हे दैवशालाला जाळीतून येणाऱ्या उजेडात दिसलं नाही. "काही न्हाई," ती म्हणाली.

तिने चिमटा उचलला आणि हात तसाच थांबला. समोरचं झाड सोललं होतं की सोलायचं होतं? मागचं तरी आपण पाहिलं होतं का? आठवेना. तिने मागे वळून ओळीकडे पाहिलं. सगळी झाडं सारखीच दिसत होती. मग ती उठली, ओळीच्या पहिल्या झाडाशी गेली, आणि तिथून एकेक कळी पुन्हा बघत निघाली.